तीन हातांच्या माणसांचा शिंपी

पायांवर मिठाची पांढरी साय धरलेल्या आठ-दहा बायका बांधावर बसून माझ्या तोंडाकडे पाहताहेत, मांडीवर तांदळाची भाकर, तिच्यावर भाजलेल्या सुकटीची चिमूट, नाकात खाडीच्या चिखलाचा उग्र वास आणि डोक्यावर फाल्गुनाचं डोळे दिपवणारं ऊन... बालपण म्हटलं की मला आधी हेच दिसतं, आणि पाठोपाठ राग येतो. इथे जबलपूरला नातवंडं मोठी झाली, तरी येतो.

पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या गावात रेडिओ एकच, पंचायतीच्या ओटीवर. त्याच्यापुढे बसायचं ते पुरुषांनी. दर बुधवारी संध्याकाळी एक गमतीची मालिका लागे — एक शिंपी चुकून अग्निबाणात बसतो आणि चंद्रावर पोचतो, तिथल्या माणसांना तीन-तीन हात, आणि हा बिचारा तिसरी बाही कुठे लावायची या विवंचनेत. मी पाचवीत होते. खिडकीखाली उभी राहून ऐकायचे, आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत आयसची, म्हणजे आईची, भाकर घेऊन मिठागरावर गेले की सगळ्यांचे आवाज काढून बायकांना सांगायचे.

ओटीवर त्या मालिकेवरून नुसती जुंपायची. "चांदोबाची थट्टा हाय ही," असं भजनीबुवांचं म्हणणं. गुरुजी म्हणत, चंद्रावर हवाच नाही, तिथे सुईदोरा काय घेऊन बसलात! तरुण मंडळी मात्र हसून लोळत. बांधावरचा निकाल वेगळाच असे.

"तिसरा हात मना दे गो," आमच्या शेजारची कमळाकाकू म्हणायची. "एकान पोर धरीन, दोघांनी मीठ ओढीन."

"आनि नवऱ्याला नको?" दुसरी कुणी विचारायची.

"त्याला हात कनाला? त्याला तोंड हाय."

त्या गुरुवारी पौर्णिमेचं उधाण होतं. भरतीचं पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यायचं आणि तळं भरलं की बांधातल्या दाराची फळी पाडायची, हा मिठागराचा नेम. फळीवर त्या दिवशी नजर ठेवायची होती आयसने. आणि मी शिंप्याला चंद्राच्या राजाचं माप घ्यायला लावलं होतं... कुणी उठलंच नाही. पाणी तळं ओलांडून मीठ पिकलेल्या वाफ्यांत शिरलं आणि आठ दिवसांचं मीठ डोळ्यांदेखत विरून गेलं. अजूनही नळाखाली बादली लावून कुणाशी बोलायला लागले, की मी मधेच उठून नळ बंद करून येते.

"फली कोनाकरं व्हती?" मुकादमाने विचारलं.

"माज्याकरं," कमळाकाकू म्हणाली. तिचं काम त्याच दिवशी सुटलं.

गोष्टीच्या नादात फळी राहिली हे गावभर झालं, आणि रात्र पडायच्या आत ओटीवर ठराव झाला — बुधवारी रेडिओ बंद. हसून लोळणाऱ्यांनीही माना हलवल्या. आणि माझ्या बापसाने मला शाळेतून काढलं, का, तर ऐकून-वाचून पोरी बिघडतात. फळी त्याआधी पुरुषही विसरले होते. त्यांच्यापायी कुणाचा मुलगा शाळेतून निघालेला मी पाहिला नाही. चंद्रावर हवा नाही हे ठासून सांगणारे गुरुजी आमच्या दाराशी एकदाही आले नाहीत. त्यांना माझा हजेरीतला आवाज आठवला तरी असेल का, कोण जाणे.

कमळाकाकू मग ओहोटीला चिखलात निवट्या मासे धरायला जाऊ लागली. एकदा वाटेत भेटली. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर अर्धी रिकामी टोपली. आमच्यासाठी तिने काय सोसलं त्याविषयी चकार शब्द नाही, विचारलं एवढंच, "मंग तो शिंपी घरा आला का गो?"

माझा तेव्हा सगळ्या गावावर राग होता.

"नाय. तिकरंच मेला."

"बरा मानूस व्हता," ती म्हणाली, आणि टोपली सावरत निघून गेली.

चार वर्षांनी लग्न होऊन मी इतक्या लांब आले. कमळाकाकू त्याआधीच वारली. गोष्टीचा खरा शेवट मला तेव्हाही ठाऊक नव्हता, आजही नाही. पण जिने आयससाठी आपल्या पोटावर पाय ओढवून घेतला, तिच्यासाठी त्या शिंप्याला घरी आणायला माझं काय जात होतं...