छपरावरची लोकर

रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर नवरा महिनाभर गप्पच होता. मग त्याने आमच्या पिकअपच्या हौद्यावर प्लायवूडचं उतरतं छप्पर बसवलं. वारा अडकला नाही की डिझेल वाचतं, म्हणाला. वारा कसा वाहतो हे दिसावं म्हणून छपरावर माझ्या लोकरीचे तुकडे चिकटवले आणि मला स्कूटीवरून मागे यायला लावलं.

सिकंदराबादच्या पुढे गाडी थांबवून त्याने विचारलं, "बोला इन्स्पेक्टरीणबाई, पास की नापास?"

खोटं बोलावं, असं क्षणभर वाटलं.

"पुढचे धागे नीट झोपलेत. मागचे फडफडतात. उतार फार झालाय, अहो."

त्याने लगेच खिशातून पेन्सिल काढली आणि प्लायवूडवर खुणा करत तासभर बोलत राहिला. मी उन्हात मेजरटेपचं दुसरं टोक धरून उभी राहिले.