रोडग्यापायी राजीनामा

आमच्या घरच्या मानसाचं नाव मी उखाण्यातच घेते. पन इथं उखाणा जोडत बसले त गोठ राहून जाईन, म्हनून सांगूनच टाकते: चंद्रभान. पिपरी मेघेत आमची पिठाची चक्की आहे. चक्कीच्या खडखडाटात उभी जिंदगी गेली, त्याच्यानं आमच्या ह्यायले हळू बोलताच येत नाई. माह्या कानात काही सांगाले येतेत, अन चौकातले लोक वळून पाह्यतेत. सोयरिकीच्या गोष्टी त म्या ह्यायच्या समोर काढनंच सोडलं.

ह्या मानसाले दोन खोडी. पहिली खोड आग्रहाची. कोनाचं लगन असो, बारसं असो, तेरवी असो, ह्यायच्या हातात वाढाचं भांडं देल्याबगर पंगत बसत नाई. नाई म्हननाऱ्याच्या पानात दोन पडतेत. अन पानावर दोन्ही हात आडवे धरले, त हाताच्या मधातून एक पडते. "वाढू का?" असं इचारनं म्हनजे ह्यायच्या मते पाहुन्याचा अपमान. "इचारलं का मानूस लाजून नाई म्हनते, अन उपाशी उठते," हे ह्यायचं सांगनं. घरीही तसंच. माह्या पानात भात वाढतेत अन वरतून मलेच म्हनतेत, तुहं वजन काऊन वाढून राह्यलं?

दुसरी खोड कबड्डीची. टेकडीवरच्या कॉलेजात हे तीन वर्षं होते, तिन्ही वर्षं पहिल्याच वर्गात. पन अभिमान असा, का जसं कॉलेज ह्यायनंच गिलावा करून उभं केलं. अन माहा मोठा भाऊ महादेवदादा, सिंदी मेघेत कापडाचं दुकान आहे त्याचं, तो नाक्यावरच्या कॉलेजचा. ह्या दोन कॉलेजची कबड्डीत खानदानी दुश्मनी. म्हनजे माहं सासर इकडं, माहेर तिकडं, अन मधात मी, चहाचे कप घेऊन उभी. फायनलच्या आठवड्यात दादा आमच्या घरचं पानी पीत नाई, अन हे त्याच्या दुकानातून साधा रुमाल घेत नाईत. दोघंही आजोबा व्हाच्या वयाचे, सांगाची लाज वाटते.

नाक्याच्या टीमचे कोच प्रभाकरराव सर, त्याच कॉलेजात शिकवतेत. उंच, सडपातळ, डोक्यावर क्रिकेटवाल्यायसारखी पांढरी टोपी. नाक्याचा पोट्टा पकडीत सापडला रे सापडला, का आमचे हे उठून चक्कीच्या आवाजात बोंबलनार, "प्रभाकरराव, टोपी सांभाळा!" अन सर मागं वळून, टोपी उचलून, ह्यायले नमस्कार करनार. वर्सानुवर्स हेच चाललं. तो मानूस एकदाही चिडला नाई बापा. सरानं टोपी उचलली का आमचे हे मूठभर फुगून खाली बसत. मले त वाट्टे, सामन्यापेक्षा त्या नमस्कारासाठीच जात होते.

आता मेन गोठ. मागल्या साली फायनलच्या आदल्या दिवशी सरानं मारोतीले रोडग्याचा नवस फेडला. टीम फायनलमधी पोचली पायजे, एवढाच नवस होता, तो पुरा झालता. नवसाचं आवतन काही मानसं निवडून देत नाईत, म्हनून सरानं टेकडीच्या पोट्ट्यायलेही बोलावलं. रोडगा म्हनजे कनकेचा मोठा गोळा, गोवऱ्याच्या आरात भाजलेला. तो फोडाचा, तुपात बुडवाचा, अन वांग्याची भाजी, वरन घेऊन खाचा. एका रोडग्यात पोट भरते, दुसऱ्यात डोळे मिटतेत.

"ह्या मानसाच्या मनात काही काळंबेरं असन," असं म्हनून आमचे हे पाहारा द्याले गेले. मीही गेलती. सराच्या घरच्या शोभाबाईसंग वांगे चिरत बसलती, समोरच पंगत. नाक्याचे पोट्टे वाढून राह्यले, अन मोठ्या सभ्यपनानं आमच्या पोट्ट्यायले इचारून राह्यले, "वाढू का भाऊ?" आमचे पोट्टे म्हने, नको. दोनदा झालं, तीनदा झालं, अन ह्यायचं डोक्शं सरकलं.

"पाहुने म्हनून बोलावलं का भिकारी म्हनून? इचारून वाढून राह्यले आपल्या पोट्ट्यायले!"

असं म्हनून ह्यायनं तुपाचं भगुनंच हिसकलं. मंग काय इचारता! अंकित म्हनून टेकडीचा सगळ्यात तेज पोट्टा, चढाईले गेला का दोघायले बाद केल्याबगर वापस न येनारा. तो हात जोडून म्हने, "काका, नको जी, उद्या वजन आहे." कबड्डीत पंच्याऐंशी किलोच्या वरच्याले खेळू देत नाईत, अन अंकित त अगदी काठावर. एक महिना काकड्या खाऊन बसलता बिचारा.

"मारोतीनं डोंगर उचलला, तुले रोडगा उचलत नाई?" हे म्हनाले, अन धार सोडली. "नवसाचं अन्न पानात टाकत नसतेत. खाय!"

पोट्टा काय करन? खाल्लं. त्याच्या बाजूच्यानं खाल्लं. त्याच्याही बाजूच्यानं खाल्लं. पंगतीच्या टोकाले प्रभाकरराव सर हात जोडून उभे होते. म्हने, "पोट भरून जेवा पोट्टेहो." कोनीतरी तेवढंच मोबाइलमधी टिपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकित काट्यावर चढला अन काटा पंच्याऐंशीच्या पार गेला. पोट्टा मैदानाले चकरा मारून आला, घाम गाळून आला, शेवटी न्हाव्याकडं जाऊन डोक्शं भादरून आला. काटा काही हालंना. अजून दोघायचं तेच झालं. तिघं बाहेर बसले, अन टेकडीची टीम अशी हरली का आमच्या घरी दोन दिवस चूल रागानंच पेटली.

मंग ती क्लिप फिरली. "खाऊ घालून पाडलं!" असं वरतून लिहिलेलं. सर हात जोडून उभे, "पोट भरून जेवा." झालं, पुऱ्या जिल्ह्यात बोंब. आमचे हे सगळ्यायच्या पुढं. नाक्याच्या कॉलेजसमोर "राजीनामा द्या!" म्हनून असे ओरडले, का मोर्च्याले भोंगा आनाची गरजच पडली नाई. सरानं कोनाले काही सांगितलं नाई, भांडन केलं नाई. गपचूप राजीनामा लिहून देल्ला. त्या दिवशी हे पेढे घेऊन घरी आले. म्हने, "सत्याचा विजय झाला, आनंदे!"

डब्याचं झाकन निघते न निघते, त दादा दारात. तोंड लाल.

"जवाईबुवा, त्या मानसानं जिंदगीभर टोपी काढून तुमाले नमस्कार केला. अन तुमी पेढे वाटून राह्यले?"

"दगाबाज आहे तुमचा सर! माह्या पोट्ट्यायले तूप पाजून मारलं त्यानं!"

माहंही डोक्शं कामातून गेलतं. एकाची बायको, दुसऱ्याची बहीन, किती दिवस चहाच करू? म्या पेढ्याचा डबा ओढून घेतला.

"तूप कोनं वाढलं?"

"वाढप्यानं," हे म्हनाले.

"वाढपी कोन होता?"

दादानं खिशातून मोबाइल काढला अन ती क्लिप लावली. सर मधात उभे, अन कोपऱ्यात एक हात. तुपाची धार सोडून राह्यला. हातात तांब्याचं कडं. तेच कडं आता आमच्या पेढ्याच्या डब्यावर टेकलेलं. हे त्या हाताकडं अन आपल्या हाताकडं पाहत बसले, जसा पहिल्यांदाच भेटला तो.

"अव माय," हे म्हनाले. "पन म्या त मायेनं वाढलं."

"अन सरानं का जहर देल्लं?"

खरं सांगते, ह्या मानसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. दिवसभर चक्कीवर लोकायचं दळन काट्यावर तोलते, अन जेवनालेही वजन असते हे त्याले ठाऊक नाई! जेवाले बसले त पान तसंच राह्यलं. शेवटी म्हने, "महादेवराव, राजीनामा अजून मंजूर व्हाचा आहे. तो मंजूर झाला त त्या मानसाची नोकरीही गेली अन नावही गेलं, माह्यापायी. चला माह्यासंग." साळे-भाटवे पहिल्यांदाच एका गाडीवर बसले. पडतीन म्हनून मीही मागं ऑटोनं गेली.

नाक्याच्या कॉलेजच्या प्रिन्सिपल जयवंता मॅडम, मोठ्या करारी बाई. राजीनामा टेबलावरच होता, संध्याकाळच्या मीटिंगमधी मंजूर होनार होता. ह्यायनं सगळं सांगितलं. बाहेरच्या शिपायालेही ऐकू गेलं.

मॅडम हसल्या. "अहो चंद्रभानजी, एवढी दांडगी मुलं केवळ तुमच्या आग्रहाखातर इतकं खातील? हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील."

तेवढ्यात शिपायानं आलूबोंडे आनले. मॅडम म्हनाल्या, "तुम्ही घ्या. मी बाहेरचं तळलेलं खात नाही."

बस! ह्यायले कुठचा राजीनामा अन कुठचं काय, भरलेली बशी अन रिकामं ताट दिसलं.

"असं कसं मॅडम! घरधनीन खात नाई तवर पाहुना कसा खाईन? हे महादेवराव तुमच्याच कॉलेजचे. उपाशी गेले त सिंदी मेघेत तुमचंच नाव खराब होईन."

मॅडमनं अर्धा घेतला.

"अर्धा नाई जी, तोडल्यानं त्याचा अपमान होते."

पुरा घेतला. मंग एकटा आलूबोंडा पोटात भांडते, त्याले जोडीदार पायजे म्हनून दुसरा. तिसरा शिपायानं मेहनतीनं आनला म्हनून. चौथा कायले खाल्ला ते मॅडमलेही सांगता आलं नसतं. बोटं पुसता पुसता त्यायनं रिकाम्या बशीकडं पाह्यलं, मंग ह्यायच्याकडं पाह्यलं.

"समजलं," त्या म्हनाल्या. "सरांना बोलवा."

सर आले, टोपी हातात. मॅडम म्हनाल्या, "सर, राजीनामा परत घ्या. खरं काय ते आत्ता मी स्वतः अनुभवलं. तुमची काही चूक नाही."

सरानं राजीनाम्याले हातही लावला नाई. मंग म्हनाले, "ह्यायची चूक नाई, हे खरं आहे. माही आहे. उद्या वजन आहे, असं अंकित म्हनला, ते म्या ऐकलं. चंद्रभानजी, थांबा, असं माह्या तोंडावर आलतं. एका शब्दाचं काम होतं. पन मनात आलं, खाऊ दे, उद्या आपल्याले बरं होईन. अन मंग हात जोडून म्हनलो, पोट भरून जेवा. ह्यायच्या मनात माया होती मॅडम. माह्या मनात उद्याचा काटा होता. जे पोट्टे मले सर म्हनतेत, त्यायच्यासमोर आता शिट्टी वाजवाले तोंड नाई मले."

राजीनामा त्यायनं परत घेतला नाई. कोच म्हनून सोडलं, कॉलेजात शिकवाचं काम मॅडमनं सोडू देल्लं नाई. दादा तिथंच डोळे पुसत होता. अन आमचे हे? वापसीच्या रस्त्यानं माह्या ऑटोपर्यंत ह्यायचा एक शब्द आला नाई. लगन झाल्यापासून एवढी शांतता म्या पाह्यली नव्हती, अन मले ती सहन होईना. पुऱ्या जिल्ह्यात कोनालेच समजलं नसतं, ते त्या मानसानं आपल्याच तोंडानं सांगितलं. मले त सराच्या पाया पडावं वाटलं.

ह्या साली पुन्हा फायनल, पुन्हा तेच दोघं. नाक्याचा पोट्टा पकडीत सापडला. आमचे हे उठले, तोंड उघडलं, अन नाक्याचा नवा कोच पाहून तसेच खाली बसले. दादानं कोपर मारलं. "ओरडा ना, जवाईबुवा!"

"कोनाले?" हे म्हनाले.

टेकडी जिंकली, तरी पेढे आले नाईत. त्याच्या बदली ह्यायनं त्याच मारोतीपाशी रोडगे केले, सामना झाल्यावर, दोन्ही टीमले आवतन देऊन. सरही आले. शोभाबाईनं मले वांगे चिरता चिरता सांगितलं, का त्या दिवसापासून सरानं रोडगा तोंडात घातला नाई, घरी केला त उठून जातेत. पंगतीत सर अगदी टोकाले बसले, बाजूले महादेवदादा. पानात नुसती भाजी.

आमचे हे भगुनं घेऊन निघाले. अंकितच्या पानात ओतलं, नाक्याच्या पोट्ट्यायच्या पानात ओतलं, नाई म्हननाऱ्यायले डबल ओतलं. सरापाशी आले अन थांबले. रोडगा हातातच. मी विळीवरून पाहून राह्यली. ह्या मानसाचा आवाज इतका खाली उतरला का माह्यापर्यंत कसाबसा आला.

"सर, वाढू का?"

हे शब्द ह्यायच्या तोंडून म्या जन्मात ऐकले नव्हते. सरानं वर पाह्यलं. मंग डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, अन म्हनाले, "वाढा."

ह्यायनं रोडगा ठेवला, फोडला, अन इतकं तूप ओतलं का ते वाहत वाहत महादेवदादाच्या पानात गेलं.