चार बोटं जागा

माझी गाडी गळायला लागली तेव्हा आईला माझ्याकडं येऊन चार महिने झाले होते. आली होती सहा आठवड्यांसाठी. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ती इथंच राहिली, सिडनीपासून साडेपाच तास आत असलेल्या एका गावात, जिथं मराठी बोलणारी माणसं आम्ही दोघीच.

मी इथल्या कौन्सिलमध्ये सिव्हिल इंजिनिअर आहे. रस्ते, मोऱ्या, लहान पूल. आमच्या घरात इंजिनिअर झालेली मी पहिली. खरं तर बारावी झालेलीही मीच पहिली. आमची जात आणि धंदा एकच, कासार. आई तालुक्याच्या बाजारात तीस वर्षं बांगड्या भरत बसलेली बाई. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढं मी ‘व्यापार’ लिहायचे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

त्या चार महिन्यांत मी आईला कशालाच हात लावू दिला नाही. भांडी मशीनमध्ये, कपडे मशीनमध्ये, भाजी ऑनलाइन. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मीटिंगा करायचे आणि ती सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसायची. आवाज नको म्हणून फोनवरची मालिकासुद्धा मुकी बघायची. मला वाटायचं, मी तिला आराम देतेय. एकदा म्हणाली, “तुझ्याकडं सगळं आहे गं, फक्त काम नाही.”

जूनमध्ये एका शनिवारी ईमेल आला. अडकलेल्या लोकांसाठी सोडलेल्या विमानात तिला जागा मिळाली होती. गुरुवारी, सिडनीहून. उतरल्यावर चौदा दिवस हॉटेलात बंद, मग घर. माझ्या धाकट्या बहिणीला नववा लागला होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली, आणि माहेरी बाईमाणूसच नाही. वडील एकटे. जिल्ह्याच्या हद्दी बंद, म्हणून मावशी येऊ शकत नव्हती. हे विमान चुकलं तर पुढचं कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आईनं ईमेल दोनदा वाचून घेतला आणि त्याच दुपारी बॅग भरली.

रविवारी गाडी धुवायला बाहेर काढली तर गॅरेजच्या फरशीवर हिरवं पाणी.

गाडी सोळा वर्षांची. मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर इंजिनच्या पार मागं, इंजिन आणि गाडीची लोखंडी भिंत यांच्यामधल्या फटीत, वीतभर रबरी नळी चिरलेली दिसली. आरशात दिसली, नुसत्या डोळ्याला नाही. गावातल्या गावात दुकानापर्यंत गाडी गेली असती. साडेपाच तासांच्या हायवेवर सगळं पाणी वाहून गेलं असतं आणि इंजिन तापून बंद पडलं असतं, तेही अशा ठिकाणी जिथं फोनला रेंज नाही.

सोमवारी सगळे रस्ते चाचपले. ट्रेनमध्ये लांब-लांब बसवत होते, त्यामुळं त्या आठवड्याच्या सीटा संपलेल्या. भाड्याच्या गाड्यांचा काउंटर बंद. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातली मैत्रीण न्यायला आली असती, पण तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात कुणी पॉझिटिव्ह निघालं आणि ते सगळे घरात बंद. मोठं गॅरेज पुढच्या सोमवारच्या आधी बॉनेट उघडायला तयार नव्हतं. माझा नेहमीचा मेकॅनिक सत्तरीचा, बायकोची केमो चालू, म्हणून त्यानं दुकानच बंद ठेवलेलं.

एक गोष्ट इथं लिहायलाच हवी. मोठ्या गॅरेजचा फोन ठेवला तेव्हा पहिल्यांदा मला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. आई गेली की या घरात मी आणि लॅपटॉप. मार्चपासून ऑफिसातला एकही माणूस मी प्रत्यक्षात पाहिला नव्हता. आई माझ्या घरात कोंडली गेली होती आणि तिच्या त्या कोंडीवरच माझं बरं चाललं होतं.

म्हाताऱ्या मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, नियमानं करायचं तर इंजिनचा वरचा अर्धा संसार खोलावा लागेल, तुझ्यानं होणार नाही. मग म्हणाला, नाहीतर लहान हाताचं माणूस शोध, मेट. मागं चार बोटं जागा आहे. नळी, दोन क्लॅम्प आणि एक बुटका पाना त्यानं आपल्या व्हरांड्याच्या कठड्यावर पिशवीत ठेवला. मी फाटकाबाहेर थांबले, तो आत गेल्यावर पिशवी उचलली. खिडकीतून त्यानं हात केला.

मंगळवारी दुपारी रजा टाकली. इंजिन गार, रेडिएटरचं पाणी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत काढून घेतलं. नळीचं वरचं टोक लांब पकडीनं सुटलं. खालच्या टोकाला पकड पोचेना. आई दाराशी खुर्ची टाकून बसलेली.

“इंजिनिअर ना तू?”

“सिव्हिल, आई. पुलांची.”

“मग पूल बांध आणि दे गाडी पलीकडं.”

मी बंपरला गुडघे टेकवून वाकले आणि हात मागं घातला. कातडी खरचटत मनगटापर्यंत गेला. बोटांना क्लॅम्प लागला, जोर लावून दाबला, ढिला झाला. जुनी नळीही पिळून ओढली तशी तुटून खाली पडली. आणि हात बाहेर येईना.

ओढला, वळवला, शिव्या दिल्या. जितकं ओढावं तितकं अंगठ्याचं हाड लोखंडात रुतायला लागलं. जूनची थंडी, गॅरेजची फरशी बर्फासारखी, बॉनेट डोक्यावर, तोंडाशी तेलाचा वास. दहा मिनिटं गेली असतील. हात सुजायला लागल्याचं कळत होतं. मला वाटलं, आता अँब्युलन्सवाले येणार, मास्क लावून, आणि इंजिनात हात अडकलेल्या कौन्सिलच्या इंजिनिअरला सोडवणार.

आई उठली. तिनं हाताकडं बघितलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरातून भांड्यांच्या साबणाची बाटली आणली, माझ्या मनगटावरून धार सोडली आणि माझ्या शेजारी वाकून माझ्या तोंडाकडं बघत, दुकानात नव्या नवरीला विचारायची त्याच आवाजात विचारलं,

“माहेर कुठलं गं तुझं?”

मला हसू फुटलं. बाजारात हे हजार वेळा ऐकलं होतं. बाई माहेराचं नाव सांगायला लागली की तिचं हातावरचं लक्ष सुटतं, हात मऊ पडतो, आणि तेवढ्यात आईनं बांगडी चढवलेली असते. लहानपणी मला वाटायचं, आईला लोकांची फार चौकशी.

“अंगठा तळहातात घे. करंगळीकडं ने. मूठ नाही करायची, कळी करायची. ओढू नको, मी नेते.”

तिची दोन बोटं माझ्या मनगटावर साबणातून पुढं सरकली. हात पेरभर आला आणि पुन्हा अडला.

“आता काय?” ती म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, “आई, तू जाऊ नयेस असं वाटतंय मला.”

“माहिती आहे. चार दिवस बघतेय तुझं तोंड. म्हणून तर हात सुटत नाहीये.” मग हळू आवाजात म्हणाली, “तुला भूक लागली तर तू फोनवर बटण दाबतीस. धाकटीला कळा लागल्या तर ती कुणाला हाक मारणार? तुझा बाप बांगडी भरतो, बाळंतपण नाही करत.”

मला रडू आलं, मग परत हसू आलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कधीतरी हात बाहेर होता. लाल, खरचटलेला, माझा.

मी म्हणाले, सोड आता, नाही जमत. आई तोवर खाली बसून आपल्या बांगड्या काढायला लागली होती. तिचा हात मोकळा मी जन्मात कधी पाहिला नव्हता. सवाष्णीनं हात मोकळा ठेवायचा नाही म्हणून मला आधी दोरा आणायला लावला. माझ्याकडं शिवणाचा दोरा कुठला. टी-बॅगचा दोरा तोडून दिला. तो उजव्या मनगटाला बांधून घेतला, मग साबणावर एकेक बांगडी उतरवली. एकही वाढवली नाही. ओळीनं बॅटरीवर ठेवल्या.

मेकॅनिकला स्पीकरवर घेतलं. तो सांगायचा, मी मराठीत सांगायचे, आणि आई दोघांचंही अर्धंच ऐकायची. नव्या नळीला आतून साबण लावला, क्लॅम्प आधीच ओवला. तिचा हात कळी होऊन त्या फटीत कोपरापर्यंत गेला, जसा काही तिथं रोज जातो. डोळे माझ्याकडं. तो म्हणाला, जोरात ढकला. मी तसं सांगितलं तर आई म्हणाली, “ढकलल्यावर बांगडी फुटते. फिरवत न्यायची.” फिरवत नेली. मग पाना, एका वेळी जेमतेम एक खाच वळत होता, पंधरा-वीस मिनिटं. मध्ये दोनदा कंबर सरळ केली, हात बाहेर न काढता.

“बसली,” ती म्हणाली.

पलीकडून तो विचारत होता, काय झालं, काय झालं. मी म्हणाले, माझ्या आईनं बसवली. तो म्हणाला, ती कुठल्या गॅरेजात होती? मी सांगितलं. तीस वर्षं, तालुक्याच्या बाजारात, बांगड्यांचं दुकान. इंग्रजीत हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

बुधवारी डब्यांतलं पाणी परत भरून गाडी गावात फिरवून पाहिली आणि गुरुवारी पहाटे निघालो. पोलिसांनी अडवलं तर दाखवायला ईमेल छापून घेतला होता. कुणी अडवलं नाही. रस्ता मोकळा, दोन्हीकडं पांढरं गवत. मी आईला तापमानाचा काटा दाखवून ठेवला होता. ती साडेपाच तास त्याच्याकडंच बघत राहिली. प्रत्येक गाव आलं की सांगायची, “मधेच आहे.”

विमानतळावर आत फक्त प्रवासी. दारातच बॅग उतरवली. आईनं मास्क सारखा केला, आणि मला वाटलं आता काहीतरी आशीर्वादाचं बोलेल.

“जाताना एकटीच ना तू? मग काट्याकडं कोण बघणार?”

“मीच बघेन.”

“रस्त्याकडं बघ,” ती म्हणाली आणि आत गेली. मागं वळली नाही. बॅगेचं चाक वाकडं होतं, तिला ते सावरायचं होतं.

बाळंतपणाला ती चार दिवस आधी पोचली. ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त परतीचा रस्ता होता. अर्ध्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर थांबले, इंजिन थोडं निवू दिलं, बॉनेट उघडलं. अंगठा तळहातात घेतला, करंगळीकडं नेला, आणि हात मागं घातला. नळीभोवती बोटं फिरवली.

कोरडं होतं.