दरवाजाचे दगड आणि तारेचे ब्रश

"मॅडम, सगळं चकाचक केलं बघा!" स्नेहल म्हणाली, आणि मी एका दगडाकडून दुसऱ्याकडे धावायला लागले.

स्नेहल डोंबिवलीची, शाळेत शिक्षिका. दर रविवारी चाळीसेक जणांना घेऊन गडांवर साफसफाई करते. मी आर्किटेक्ट, ऑफिस ठाण्याला नौपाड्यात, काम जुन्या वास्तू दुरुस्त करण्याचं. कल्याणच्या पुढे डोंगरावर हा किल्ला आहे. नाव सांगत नाही, उगाच फोन येतात. परकीय फौजेने सुरुंग लावून त्याचा महादरवाजा उडवला. तेव्हापासून कमानीचे दगड तिथेच पडून होते. त्याच दगडांनी ती कमान परत उभी करायची होती.

कमानीचा प्रत्येक दगड एकाच जागी बसतो. दुसरीकडे घातलात तर कमान उभी राहत नाही. म्हणून दोन महिने उन्हात मोजमापं घेऊन मी चौसष्ट दगडांवर नंबर घातले होते. पाण्याने निघणारा रंग, कारण जुन्या दगडाला ऑइल पेंट लावायचा नाही असा आमचा नियम.

"माझे नंबर कुठायत?"

"अय्या, ते नंबर होते? आम्हाला वाटलं, लोक काहीबाही लिहून जातात तसलंच. तुमचं लगेच निघालं हो! हे 'विकी' आणि बदाम मात्र तारेच्या ब्रशने घासून घासून हात मोडले, जात नाही मेलं."

शिवाय चार-चार जणांनी उचलून दगड आकाराप्रमाणे छान रचून ठेवलेले.

"अगं बाई, सुरुंग लावणाऱ्यांनीसुद्धा दगड पडले तिथेच ठेवले होते गं!" मी ओरडले. तिचा चेहरा पडला, पण माझं तोंड थांबेना.

मला हे काम देणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या साहेबांना फोन केला.

"पावसाआधी कमान होत नसेल तर दगड वाटेच्या पायऱ्यांना वापरून टाकू. कॉन्ट्रॅक्टर तयारच आहे."

"साहेब, तो महादरवाजा आहे!"

"सध्या तरी ढीगच आहे, मॅडम."

वहीत मापं होती, पण सगळं पुन्हा मोजून जुळवायला आणखी दोन महिने. पाऊस तीन आठवड्यांवर. एकेका दगडाचा फोटो मी काढलाच नव्हता. नंबर आहेत की, फोटो कशाला? हे माझं शहाणपण.

दुसऱ्या दिवशी स्नेहल ऑफिसात आली, दारातच उभी राहिली.

"मॅडम, रागावू नका. आम्ही प्रत्येक दगडाचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढतो, ग्रुपवर टाकायला."

मागच्याच महिन्यात याच लोकांना मी 'सेल्फीवाले' म्हणून झापलं होतं. आता तेच फोटो मी डोळ्यांत तेल घालून बघत बसले. प्रत्येकात दगडाला टेकून कोणीतरी दात काढतंय, आणि त्याच्या कोपराशेजारी माझा नंबर. स्नेहलच्या शाळेला सुट्टी होती. आठ जणांना घेऊन ती रोज गड चढली. फोटोतली चीर, टवका बघून आम्ही पुन्हा नंबर घातले.

त्रेसष्ट जुळले. एकाचा फोटो त्यांनी उडवूनच टाकला होता, कारण तो काही स्वच्छ झाला नव्हता. विकीचा. आणि जागाही एकच उरली होती, बरोबर माथ्यावरची, जिच्यावर अख्खी कमान अडकते.

पावसाआधी कमान उभी राहिली. साहेब बघायला आले, त्यांनी मान वर करून माथ्यावरच्या दगडाकडे बोट दाखवलं.

"हा विकी कोण?"

"माहीत नाही, साहेब. पण त्याला काढलं तर दरवाजा पडेल."

तेव्हापासून मी आधी फोटो काढते, मग नंबर घालते.