मोडलेला सोमवार

शेजारून साबुदाण्याच्या खिचडीचा वास आला की भुकूमच्या आमच्या तेव्हाच्या नव्या फ्लॅटमधली एक दुपार आठवते. दहावीतल्या लेकीनं नीट जेवणं सोडून तीन महिने झाले होते. ताट संपेपर्यंत घरच्यांनी समोर बसायचं, हाच डॉक्टरांनी सांगितलेला उपचार. वरणभात निवून गेला होता आणि मीही बसून बसून थकले होते. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोरीला जेव म्हनताय, तुमी कवा जेवनार?" "माझा सोमवार आहे. हिनं जेवावं म्हणून धरलाय." लेक ताटाकडे बघतच हळू म्हणाली, "तू जेवली नाहीस की उपास, मी जेवले नाही की आजार." मी भात वाढून घेतला. तिनं एक घास खाल्ला, एकच. पुढं दोन वर्षं लागली. सोमवारी मी अजून जेवते, भूक नसली तरी.