भरल्या गाडीचं माप

पप्पांची जीप पोलीस ठाण्याच्या आवारातून सुटून घरी आली, तेव्हा मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत श्रावणातला चिखल अजून तसाच होता. वाळून दगड झालेला. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तो खरवडून काढला. मला कुणी सांगितलं नव्हतं.

हिर्डोशीच्या वरच्या वाड्यांपर्यंत एसटी येत नाही. खालच्या मोठ्या रस्त्यावरून जाते, तीही मोजक्या वेळा. वर यायची ती पप्पांची फोर बाय फोर जीप. माणसं भरून नेणाऱ्या अशा खासगी गाडीला आमच्याकडे वडाप म्हणतात. भोरच्या इंग्रजी शाळेत मी दहावीपर्यंत त्याच जीपमधून गेले, पुढच्या सीटवर, खिडकीला टेकून. मागे बारा-तेरा माणसं, नाचणीची पिशवी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. मी बोलत नसे.

"डायवर, तुमची मॅडम मुकी हाय का वो?" मागून कुणीतरी विचारायचं.

"ती इंग्लिशमदी इचार करती," पप्पा म्हणायचे. "मराठीत उतरवायला येळ लागतो."

सगळी जीप हसायची. सगळ्यांत मोठ्यांदा हसायची ती आमच्या खालच्या घरातली काकू. तिची जागा ठरलेली, मागच्या दाराशी. तिथे वारा लागतो म्हणायची.

चाकाच्या कमानीत आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्याला सगळे लायनर म्हणतात. चाक जे दगड आणि चिखल उडवतं, ते त्याच्यावर आदळतं आणि आतल्या नळ्या वाचतात. आमच्या जीपच्या त्या चाकावर श्रावणात लायनर नव्हतं. धरणाच्या कडेच्या उतारावर एक दगड उडाला आणि ब्रेकची नळी फुटली. गाडी जुनी, सगळ्या ब्रेकना मिळून एकच लाईन. ऑइल गेलं, पेडल तळाला टेकलं. पप्पांनी जीप पाण्याच्या बाजूला जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घातली. म्हणून बाकीचे वाचले. काकू दारातून बाहेर फेकली गेली आणि तिसऱ्या दिवशी पुण्यात दवाखान्यात वारली.

केस अजून चालू आहे. पण पप्पा केसबद्दल बोलत नाहीत. जीप सुटून आल्यावर ते रोज सकाळी नेहमीच्या वेळी वडाच्या पारापाशी ती उभी करायचे आणि लोक शेजारून चालत खाली जायचे. कुणी वाईट बोललं नाही. "डाक्टरनं चालायला सांगितलंय," असं एकानं सांगितलं. पप्पा अर्धा तास थांबायचे आणि रिकामी जीप घरी आणायचे. लोक परत बसतील का, एवढा एकच प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. जेवतानाही.

चैत्रात मी पुण्याच्या कॉलेजातून दोन दिवस घरी आले, तेव्हा ते कापूरहोळहून एक निळा प्लास्टिकचा ड्रम घेऊन आले होते. इतक्या जुन्या जीपचं लायनर कंपनी आता देत नाही. मग ड्रम उभा कापायचा, गरम पाणी ओतून वाकवायचा आणि कमानीत बोल्टनं बसवायचा. मात्र माप भरल्या गाडीवर घ्यावं लागतं. रिकाम्या गाडीवर घेतलं, तर माणसं बसल्यावर गाडी खाली दबते आणि टायर लायनरला घासतो. म्हणून आमच्या रस्त्यावरचे वडापवाले हे काम थांब्यावरच उरकतात. बसलेल्यांना म्हणायचं, जरा दम धरा, आणि खडूनं खूण करून घ्यायची. लोक बसल्या बसल्या चेष्टा करतात. आमच्या गाडीत बसलेलं कुणी नव्हतं.

"पोती भरू या की," मम्मी म्हणाली. "भाताची हायेत घरात."

"पोतं हलतं का?" पप्पा म्हणाले. "वळणावर माणूस झुकतो. त्याचं माप लागतं."

ते खरंच होतं. पण तेवढंच नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"तू जा, माणसं बोलवून आन," ते मला म्हणाले. "तुला न्हाई म्हणणार न्हाईत."

मी निघाले. अशी कामं मला जमत नाहीत. चालताना मी वाक्य दोनदा मनात म्हणून बघितलं. पहिल्या घरी आजोबा ओट्यावर विळ्याला मूठ बसवत होते.

"आरं, मॅडमना वाचा फुटली," ते म्हणाले. मग मी काय सांगते ते ऐकलं आणि विळा खाली ठेवला. "गुडगं धरल्यात गं माजं. चढाया न्हाई व्हायचं."

दुसऱ्या घरी दोघी जावा पापड वाळत घालत होत्या. "पापड टाकून कसं येनार?" मोठी म्हणाली. धाकटीनं वर पाहिलंच नाही. तिसरं घर काकूचं. मी कुडापर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

पण वाडीत काही लपत नाही. मी घरी पोचते तोवर काका आमच्या दारात उभे होते. काकूचे मालक. ते चाकापाशी उकिडवे बसले आणि मोबाईलचा उजेड कमानीत पाडला.

"हितंच फुटली?"

"व्हय," पप्पा म्हणाले.

"आन हे लायनर तवा नव्हतं?"

"आदी हुतं."

"मग?"

माझ्या हातात मघाशी पप्पांनी कापून वाकवलेला ड्रमचा तुकडा होता. त्याच्या कडा अजून कोमट होत्या.

अपघाताच्या आधीच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या दोन मैत्रिणी माझ्याबरोबर गावी आल्या होत्या. लायनर एका बाजूनं सुटलेलं होतं आणि कापूरहोळपासून टायरवर फडफडत होतं. मैत्रिणी एकमेकींकडे बघून हसल्या. मी पप्पांना म्हणाले, ते काढून टाका, मला लाज वाटते. इंग्रजीत म्हणाले, मागे बसलेल्या वाडीतल्या लोकांना कळू नये म्हणून. पप्पांना तेवढं इंग्रजी कळतं. त्यांनी भोरच्या अलीकडे जीप बाजूला घेतली, बोल्ट काढले आणि लायनर रस्त्याच्या कडेला टाकून दिलं. उरलेल्या रस्त्यात काहीच आवाज आला नाही.

"सुटलं हुतं," पप्पा काकांना म्हणाले. "परत बसवायचं ऱ्हायलं. माजी चूक हाय." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी तोंड उघडलं असतं, तर निदान एवढं तरी कळलं असतं, की हा माणूस निष्काळजी नाही, त्यानं मुलीचं ऐकलं. पप्पांना परत माणसं मिळायला कदाचित तेवढं पुरलं असतं. मी तुकडा दुसऱ्या हातात घेतला.

काका उठले, मागे गेले आणि जीपमध्ये चढले. दाराशी, काकूच्या जागेवर बसले. "घ्या माप," म्हणाले.

ते बसले म्हटल्यावर बाकीचे आले. गुडघेवाले आजोबा काठी टेकत आले आणि न थांबता चढले. दोघी जावा आल्या, त्यांच्या मागून आणखी चार-पाच जण. "सरका की वो, लगीनघरी बसल्यावानी बसलाय," मोठी जाऊ म्हणाली. कुणी हसलं नाही.

जीप दबली. पप्पांनी लायनर कमानीत धरलं. "आता समद्यांनी डावीकडं झुका," ते म्हणाले. "वळणावर झुकता तसं."

सगळे झुकले. काकांनी दाराचा गज दोन्ही हातांनी धरला. पप्पांनी खडूनं खूण करून घेतली. मग भोकं पाडली, बोल्ट आवळले, पुन्हा एकदा सगळ्यांना झुकवलं. टायर घासत नव्हता.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं."

ते उतरले. "मापापुरता बसलो," म्हणाले. "उद्या भोरला जायचंय, ते एस्टीनं जाणार." मग एकेक करून सगळे उतरले आणि जीप वर आली.

सकाळी पप्पा मला कापूरहोळला सोडायला निघाले. पारापाशी ते नेहमीसारखे थांबले. कुणी आलं नाही. उतारावर काका पुढे चालताना दिसले. पप्पांनी वेग कमी केला. काकांनी मागे बघितलं नाही, फक्त कडेला सरून आम्हाला वाट दिली.

धरण मागे पडल्यावर पप्पांनी विचारलं, "आवाज येतोय का गं?"

"नाही," मी म्हणाले.