सुमेधा मॅडम आणि लाखोळीची डाळ

सुमेधा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या आसगावच्या एसटी थांब्यावर. खांद्यावर कागदांची थैली, एक चप्पल चिखलात रुतलेली. मला वाटलं, या शिरगणतीच्या बाई असतील. मी आपणहूनच म्हटलं, "घरी दोघीच आहोत बाई, मी आन माही नात. लिहून घ्या." त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, मी माणसं मोजायला नाही आले. वर्गात ज्या लेकरांच्या तोंडून शब्द निघत नाही, त्यांना भेटायला आले."

आता मॅडमना साठ वर्षं झाली. त्यांच्यासोबत काम केलेली मंडळी त्यांच्यावर पुस्तक काढताहेत, त्यात मोठमोठे डॉक्टर-प्राध्यापक लिहितील. मी चौथी शिकलेली, तीही अर्धी, कारण धानाची रोवणी लागली की आमची शाळा सुटायची. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण मॅडमबद्दल लिहायला मिळालं याचा मला इतका आनंद झाला की सकाळपासून दोन वेळा चहा उतू गेला.

मॅडमचं संशोधन मला समजलं तेवढं सांगते. काही लेकरांना अक्षरं लवकर लागत नाहीत, काहींना चारचौघांत बोलायची धास्ती असते, आणि पुष्कळदा ही दोन दुखणी एकाच लेकराला धरतात. लाखांदूरपासून कारध्यापर्यंत गावोगाव फिरून मॅडम हेच पाहत होत्या. माझी नात रश्मी तेव्हा नववीत होती. मुलगा-सून पुण्याला कंपनीत, पोरगी माझ्याजवळ. वर्गात उभं केलं की मुकी व्हायची. मुलगा फोनवर म्हणायचा, "नसन जमत तं बसव घरी."

मॅडमनी पोरींना भरायला एक लांबलचक फॉर्म दिला होता. रश्मीचा फॉर्म मीच भरला. लोकांसमोर बोलताना छाती धडधडते का? नाही. वाचताना ओळ सुटते का? नाही. कागदावर पोरीचं उणं लिहिलं आणि उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी ते काढलं तर? गल्लीतल्या सगळ्या बायांनी तसंच केलं होतं. मॅडमनी गठ्ठा चाळला.

"मावशी, तुम्हाला विंचवाची भीती वाटते?"

"वाटते नं बाप्पा!"

"मग आसगावात तुम्ही एकट्याच भित्र्या. बाकी कोणी कशालाच भीत नाही."

रागावल्या नाहीत. पुढच्या खेपेला कागदच आणला नाही. घरापुढच्या छपरीत बसल्या आणि म्हणाल्या, "निवडायचं काही आहे का?" मी लाखोळीची डाळ सुपात ओतली. रश्मीलाही बसवलं. मग मला म्हणाल्या, "मावशी, डाळ निवडून होईपर्यंत तुम्ही एक शब्द बोलायचा नाही." लोक सांगतात, मॅडमची कामाची रीत हीच. लेकराकडे पाहायचं नाही, विचारायचं नाही, हाताला काम द्यायचं आणि थांबायचं.

माझी काय गत झाली म्हणून सांगू! मालक गेल्यापासून मी घरात बोलतच असते, भांड्यांशी बोलते, कोंबड्यांशी बोलते. कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "काय वं बुढे, तोंड शिवलं काय?" तिला जबाब द्यायला जीभ नुसती वळवळली. मॅडम मान खाली घालून खडे वेचत होत्या.

अर्धी डाळ झाली आणि रश्मी बोलली. सुपाकडे पाहूनच बोलली.

"मॅडम, माह्या पोटात दुखत नाही. वाचनाचा तास असला का मी तसं सांगते. आजी ओवा देते, मी खाते. उभं राहिलं का ओळी हालतात. सारे पाहून राहतात." मग हळूच म्हणाली, "घरी बी मी बोलत नाही. आजीचं आयकते. मी बोलली तं तिचं कोण आयकन?"

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिला चारलेला सगळा ओवा मला आठवला.

मॅडम निघाल्या तेव्हा मी थांब्यापर्यंत गेले आणि खरं सांगून टाकलं. मुलगा 'बसव घरी' म्हणाला, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. मनातून बरंच वाटलं होतं. तेवढीच सोबत. मॅडमनी माझा हात धरला. "एकटं वाटणं गुन्हा नाही मावशी. पण तिला जाऊ द्या. मी येत जाईन."

मॅडमनी शाळेत जाऊन सरांची समजूत घातली. रश्मी आधी एका मैत्रिणीला वाचून दाखवू लागली, मग तिघींना, तेही बसून. परीक्षेत मॅडमनी तिला जास्त वेळ मिळवून दिला. पोरगी दहावी पास झाली, मग बारावीही. आता भंडाऱ्याला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते.

मॅडमचं संशोधन संपलं, छापून झालं. तरी त्या महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने आसगावला येतात. आता इथे लिहून घेण्यासारखं काही नाही. तरी छपरीत बसतात, सूप ओढतात, आणि मला बोलू देतात.

रविवारी रश्मीचा फोन येतो. मी सूप पुढ्यात घेते आणि नुसतं "हं, हं" करते. पोरगी बोलत राहते, पेशंटचं सांगते, मैत्रिणींचं सांगते. फोन ठेवला की घर फार मोठं वाटतं.

मॅडमना खूप आयुष्य मिळो, डोळ्यांना बारीक खडा दिसत राहो, गुडघे धड राहोत, कारण आमच्या छपरीची पायरी उंच आहे. यंदाची लाखोळी चांगली झाली मॅडम. डाळ भरडून ठेवली आहे. निवडली मात्र नाही.